वगळायच्या यादीतल्या अकरा फाइली

मी प्रबुद्धला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच टेबलाखाली. आधी दिसले नुसते दोन पाय. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी किंचाळले. पाय दचकले, टेबलाला खालून डोकं आपटल्याचा आवाज आला, आणि मग एक माणूस धूळ झटकत बाहेर आला. हातात काळी वायर होती.

"घाबरलात?" डोकं चोळत त्यानं विचारलं.

"छे!" मी म्हणाले. साफ खोटं. मी मुळातच भित्री. पालीला भिते, अंधाराला भिते, फोनची घंटा जरा जास्त वेळ वाजली तरी दुसऱ्या कुणाला उचलायला सांगते. आणि सगळ्यात जास्त भिते बाबांना. सैन्यातून हवालदार म्हणून परत आलेला माणूस, घरात त्यांच्यासमोर आई पातेलंसुद्धा आवाज न करता ठेवते.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जुलैमधली. पलूसच्या बाजूला असलेल्या एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. ही नोकरी मला लावून दिली ती नानासोकाकांनी. ते बाबांचे चुलतभाऊ आणि आमच्या ऑफिसचे मुख्य. म्हणजे घरी बाबा आणि ऑफिसात काका. मी कधी कुठं शिंकले तरी कुंडलला, आमच्या घरी, कळायचं.

त्या महिन्यात कारखान्यानं चार कॉम्प्युटर एका वायरीनं सर्व्हरला जोडून घेतले. रोज संध्याकाळी सगळ्या फाइलींची नक्कल एका टेपवर निघणार, त्याला म्हणायचं बॅकअप. हे सगळं बसवायला कराडच्या कंपनीनं ज्याला पाठवलं, तो हा भोकाच्या मोज्याचा माणूस.

तेवढ्यात गुंडा शिपाई चहा घेऊन आला. ट्रेमध्ये कपबशा.

"पावनं, नाव काय म्हनायचं?"

"प्रबुद्ध कांबळे."

गुंडानं त्याच्यापुढे ठेवलेली कपबशी परत उचलली. खिडकीत एक काचेचा ग्लास उपडा घातलेला असायचा, तो आणला आणि त्यात चहा ओतला. धनाजीभाऊ, आमचे गावोगावच्या उसाच्या नोंदी ठेवणारे कारकून, फाइलीत डोकं घालून बसले. मला इतका राग आला की कान तापले. पण बोलले का मी? नाही. भित्री ना!

त्यानं मात्र ग्लास हातात घेतला, एक घोट घेतला आणि गुंडाकडे बघून हसला. "चहा झकास झालाय हं." अर्धा प्यायला आणि ग्लास ठेवून परत टेबलाखाली शिरला.

मला वाटतं, तिथंच माझं काहीतरी बिनसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला शिकवायला घेतलं. पडद्यावर फोल्डरांची लांबच लांब यादी होती.

"टेप छोटी आहे आणि कारखाना मोठा," तो म्हणाला. "सगळं मावायचं नाही. काय घ्यायचं, काय वगळायचं, ते तुम्ही ठरवायचं."

"मी? आणि चुकलं म्हणजे?"

"फाइली तुमच्या. मी नुसता वायरमन. हे बघा... स्पेसबार दाबला की बरोबरची खूण, म्हणजे घेतली. पुन्हा दाबला की फुली, म्हणजे वगळली. जे रोज बदलतं ते घ्यायचं. जे बदलत नाही त्याची एकदा टेप काढून ठेवायची आणि मग फुली मारायची."

"आणि शंका आली तर?"

"शंका आली तर घ्यायचं." तो जरा थांबला. "वगळलेलं परत मिळत नाही, अंकिता मॅडम."

मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच. मी स्पेसबार उगाच चार वेळा दाबला.

"त्या फाइलीला जरा विचार करू द्या," तो म्हणाला. "घेऊ का वगळू, बिचारीला कळेना."

सोमवार ते गुरुवारच्या टेपा आमच्या लोखंडी कपाटात राहायच्या. शुक्रवारची मात्र कराडला जायची. कारखान्याला आग लागली तरी एक नक्कल बाहेर सुरक्षित पाहिजे, असा त्याचा नियम. त्यामुळे दर शुक्रवारी तीनच्या एस.टी.नं तो यायचा आणि बॅकअप स्वतः काढून टेप घेऊन जायचा. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी तो नखशिखांत भिजून आला. शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली रिकामी टेप काढली, कोरडी ठणठणीत.

"छत्री कुठाय?" मी विचारलं.

"टेपवर धरली होती."

"आणि तुम्ही?"

"माझी नक्कल आहे की घरी. आईकडं माझे लहानपणापासूनचे सगळे फोटो आहेत."

मी ओढणी पुढे केली. पुढे केली आणि मग घाबरून मागे घेतली. दारात नानासोकाका उभे नव्हते, पण असते तर! त्यानं ते पाहिलं. रुमालानं डोकं पुसत पुसत तो गालात हसत राहिला.

शनिवार ते गुरुवार काय करायचं? मी पत्रं लिहायला लागले. द्यायची नाहीत, नुसती लिहायची. डब्याच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं की टाइप करायची. घरी कागद ठेवायची सोय नव्हती, आईचे हात सगळीकडे पोचायचे. म्हणून सर्व्हरवर मागच्या हंगामाचं फोल्डर होतं, त्याच्या आत एक लहानसा कप्पा केला आणि तिथं ठेवली. मेलेल्या हंगामात कोण डोकावतंय? फाइलीला नाव द्यायला इंग्रजी आठच अक्षरं मिळायची. मी शहाणीनं काय नाव द्यावं? त्याचंच. शेवटची अक्षरं गाळायची आणि पुढे आकडा. एक, दोन, तीन... ते नाव टाइप करतानासुद्धा गोड वाटायचं. सप्टेंबरपर्यंत अकरा झाली.

आणि मग नानासोकाकांच्या मनात आलं की यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही.

"रोज काय काय टेपवर गेलं, त्याची यादी छापून माझ्या टेबलावर पायजे," ते म्हणाले. "एकूण एक फाइलीचं नाव. मी वाचनार."

लाल पेन्सिल घेऊन ते खरंच वाचायचे. ओळ न् ओळ. उद्या त्या यादीत अकरा वेळा प्रबुद्ध! आधी काका, मग संध्याकाळी कुंडल, मग बाबा. नोकरी बंद, आणि पुढच्या महिन्यात दाखवायचा कार्यक्रम. जे अजून मी त्याला सांगितलंही नव्हतं, ते त्याच्याआधी अख्ख्या गावाला कळणार होतं.

काका माझ्या खुर्चीमागं उभे होते. मी मागच्या हंगामाच्या अख्ख्या फोल्डरवर गेले आणि फुली मारली.

"हे का गं?"

"जुनं हाय काका. बदलत न्हाई. टेपवर जागा पुरत न्हाई."

"बरं."

आतल्या फाइलींच्या तारखा एकदा तरी बघायला हव्या होत्या. एवढाच तर नियम होता. पण ते उघडलं असतं तर कप्पा दिसला असता, आणि काका मागं उभे. शंका आली तर घ्यायचं, हे मला आठवलं होतं. तरी मी वगळलं.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून प्रबुद्ध गप्प गप्प झाला. येताना हसायचा, पण थट्टा बंद. माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की पडद्याकडे वळायचा. मला वाटलं, झालं. ह्याला मी नकोशी झाले.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं झोडपायला सुरुवात केली. एका मंगळवारी दुपारी बाराला वीज कडाडली, लाइट गेली, आली, पुन्हा गेली. चौथ्यांदा आली तेव्हा सर्व्हरच्या पोटातून टक् टक् टक् असा आवाज यायला लागला. पडदा काळा.

प्रबुद्ध दोनला नवी डिस्क घेऊन आला. सोमवारच्या टेपवरून सगळं परत उतरवलं. पाचपर्यंत फोल्डर एकेक करून पडद्यावर आले. मी श्वास सोडला. तेवढ्यात धनाजीभाऊ उठून उभे राहिले.

"माझी सात गावं कुठं हाईत?"

"कसली गावं?" काकांनी विचारलं.

"ह्या सालच्या ऊस-नोंदी. आखाडापासनं घालतोय की. मागल्या हंगामाच्या फोल्डरात."

"मागल्या? ह्या सालचं नवं फोल्डर दिलं हुतं ना तुला?"

"आवं, नव्यात माझा हात बसत न्हाई, साहेब. जुन्यात सगळं जागच्या जागी हाय. त्यातच पुढं चालू ठिवलं."

बारा दिवसांनी गाळप सुरू होणार होतं. ज्याची नोंद आधी त्याचा ऊस आधी तुटणार. नोंदीच्या पावत्या पोत्यांत भरलेल्या होत्या, पण त्या पुन्हा घालायच्या म्हणजे महिना. सात गावांचे लोक फाटकावर येणार, आणि कुणाचा ऊस पहिला ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि ती फुली माझ्या बोटानं मारलेली.

"कांबळे," काकांचा आवाज एकदम खाली आला. "ते फोल्डर कुनी वगळलं?"

प्रबुद्धनं यादी उघडली. फुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला कळलं, ह्याला सगळं माहीत आहे.

"माझी चूक, साहेब," तो म्हणाला. "यादी मी करून दिली होती."

"वाटलंच मला. तुमच्या लोकांच्या हातात दिलं की असंच व्हायचं." काकांनी लाल पेन्सिल टेबलावर आपटली. "तुझ्या मालकाला आत्ता फोन करतो. उद्यापासनं ह्या फाटकातनं आत पाऊल टाकायचं न्हाई. कळलं?"

"हो, साहेब."

त्यानं मान खाली घातली आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. तीच काळी वायर. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार! आणखी दोन मिनिटं गप्प बसले असते की तो पाच वीसच्या एस.टी.त बसला असता, पत्रं डिस्कबरोबर मेली असती, बाबांना काही कळलं नसतं, आणि मी अगदी सुखरूप राहिले असते. सुखरूप आणि आयुष्यभर त्या ग्लासाकडं बघत बसलेली.

"मी वगळलं," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. मग मी उभी राहिले. टेबल घट्ट धरलं.

"काका, ते मी वगळलं. त्यांनी न्हाई."

"तू? का?"

"त्यात माझी पत्रं हुती."

"कसली पत्रं? कुनाला?"

प्रबुद्ध मान हलवत होता, नको, नको. गुंडा ट्रे घेऊन दारात तसाच थांबला होता. मी बोट दाखवलं. नाव उच्चारायचं बळ नव्हतं.

"ह्यांना."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. काका माझ्याकडे असे बघत होते की जणू मला त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

"सात गावांचा ऊस," ते हळू म्हणाले, "आन् तू हितं चिठ्ठ्या लिवत बसलीस, पोरी?"

"साहेब," प्रबुद्ध मधे पडला. "नोंदी गेलेल्या नाहीत. शुक्रवारच्या टेपवर ते फोल्डर आहे. कराडला. शुक्रवारनंतर घातलेलं तेवढं पुन्हा घालावं लागेल."

"मग मघापासनं तोंड शिवलं हुतं काय तुझं?"

तो वायर गुंडाळत राहिला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मला वाचवायला गप्प बसला होता हे त्यांना कळलं असावं, कारण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

"उद्या टेप घिऊन यं. तुझ्या मालकाचं मग बघू." मग माझ्याकडे वळून, "दिवा लागायच्या आत तुझ्या बापाला तू सांग. न्हाईतर मी येतो सांगाय."

व्हरांड्यात तो माझ्या मागून आला.

"तुम्हाला... माहीत होतं?" मी विचारलं.

"फुली दिसली, पण आतल्या तारखा रोज बदलत होत्या. शंका आली म्हणून दर शुक्रवारी, साहेबांची यादी छापून झाल्यावर, मी ते फोल्डर घेत होतो. सोमवारपासून पुन्हा तुमची फुली. म्हटलं, मॅडमनी मुद्दाम मारली असेल, तर का ते विचारू कसं?" तो अडखळला. "तेव्हा नावं दिसली. अकरा वेळा स्वतःचं नाव बघून माणसाची बोलती बंद होते. शपथेवर सांगतो, एकही उघडली नाही. दुसऱ्याच्या फाइली मोजायच्या असतात, वाचायच्या नसतात."

"आणि आज?"

"आज ओरडा खाऊन जाणार होतो. उद्या मालकांना घेऊन यायचं, फक्त सात गावं परत उतरवायची, अकरा वगळायच्या. कुणाला कळलंच नसतं."

"आणि मी बोलून बसले."

"बसलात की!" तो हसला, पण डोळे भरले होते. "जन्मात एकदा घाबरला नाहीत, ते नेमकं नको तेव्हा."

"घाबरले हुते," मी म्हणाले. "अजून घाबरलेय."

घरी बाबा ओसरीवर बुटांना पॉलिश करत होते. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, पण दर मंगळवारी बूट. मी उंबऱ्यापाशी उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. फुली, सात गावं, पत्रं, नाव.

"कांबळे?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

आतून आईच्या हातातलं पातेलं पडलं. आमच्या घरात पहिल्यांदाच एवढा आवाज झाला असेल. बाबा एकाच बुटावर ब्रश फिरवत राहिले. दिवा लागला, जेवणं झाली, माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, मारतील तर बरं. ह्या गप्प बसण्यापेक्षा बरं.

सकाळी मी भीत भीत चप्पल घातली. अडवतील असं वाटत होतं.

"थांब," बाबा म्हणाले. पाठ माझ्याकडे होती. "काल तुज्यासाठी त्यानं आळ स्वोताच्या अंगावर घेतला?"

"व्हय, बाबा."

"आयतवारी यं म्हनावं त्याला. माझ्याम्होरं बस म्हनावं."

"बाबा..."

"लगीच हुरळू नगंस. मला हे जमंल का न्हाई, मलाच ठावं न्हाई. भावकी तर दारात बी उभी ऱ्हायची न्हाई." ते थांबले. "आन् मान खाली घालून येनार असंल तर येऊ नगं म्हनावं. तसला मानूस मला चालायचा न्हाई."

ऑफिसात प्रबुद्ध माझ्या आधी पोचला होता. टेप लावलेली, पडद्यावर यादी. मी बाबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तो ऐकता ऐकता ताठ होत गेला, मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"लय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यानं सात गावांवर बरोबरची खूण केली. खाली तो लहान कप्पा होता. अकरा नावं, एकाखाली एक. पलीकडच्या टेबलावर काका लाल पेन्सिल घेऊन बसले होते. जे घेऊ त्याची यादी छापून त्यांच्या हातात जाणार होती, आणि त्यांच्या हातातून कुठं कुठं, ते देव जाणे.

"ह्या?" त्यानं हळूच विचारलं. "अजून वेळ आहे. घ्यायच्या की वगळायच्या?"

मी हात पुढे केला. स्पेसबार दाबला. पुन्हा दाबला नाही.

प्रिंटर करकरला. कागद हळूहळू वर येत गेला, आधी सात गावं, मग त्याचं नाव, पुन्हा त्याचं नाव, पुन्हा. काका उठून आले, कागद फाडून घेतला, वाचला. पेन्सिल त्या अकरा ओळींवर थांबली. मग त्यांनी धनाजीभाऊंच्या सात गावांवर खुणा केल्या आणि खालच्या ओळी तशाच सोडून कागद फाइलीला लावला.

"आता वाचू?" प्रबुद्धनं विचारलं.

"एकच. पहिलं."

त्यानं फाइल उघडली. तिथं मोजून चार वाक्यं होती.

'आज तुम्ही चहा अर्धाच ठेवून गेलात. गुंडा ग्लास न्यायला यायच्या आधी तो मी प्यायले. गार झाला होता. मला फार आवडला.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग चष्मा नसतानाही चष्मा पुसल्यासारखे डोळे पुसले, आणि खुर्चीवर सरळ बसला.

"रविवारी कुंडलला जायला पहिली गाडी कितीची आहे?" त्यानं विचारलं.